आधी हात लावायचा

माझा सत्कार झाला त्या दिवशी बाहेर पारा सेहेचाळीसच्या पुढं होता आणि माझ्या खांद्यावर शाल होती. लोकरीची! चंद्रपूरच्या मे महिन्यात माणसाला शाल पांघरायची अक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा भर दुपारी घुग्घुसच्या रस्त्यावर उभा करा, असं मी एरवी माइक हिसकावून बोलले असते. गावात मी तोंडाळ म्हणूनच ओळखली जाते. तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घसा फोडला, तेव्हा चढलेला आवाज निवृत्तीनंतरही खाली आला नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसले. घाम पाठीवरून ओघळत होता, तो पुसावा असंही वाटलं नाही.

कारण होतं शाल पांघरणारी बाई. मंडळाच्या लोकांनी मुद्दाम तिला स्टेजवर बोलावलं होतं. भाषण करणारा गळा काढून म्हणाला, "जिचा धनी याच रस्त्यावर पाण्यावाचून गेला, त्या माउलीच्या हातून आज आपण पाणी पाजणाऱ्या माउलीचा सत्कार करून राह्यलो!" टाळ्या पडल्या. तिनं शाल माझ्या खांद्यावर बसवली. एका बाजूनं ती घसरत होती, ती तिनं पुन्हा वर ओढली, आणि वाकून माझ्या पाया पडली.

तिचा नवरा रस्त्याच्या कडेला पडलेला असताना त्याला बघून पुढं निघून गेलेली बाई मीच. त्या मंडपात हे फक्त मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. हा तिसरा उन्हाळा होता, मी ते पोटात घेऊन हिंडत होते, आणि खरं सांगायचं तर पोटात काही दुखतही नव्हतं. दात काढताना सुई टोचली की मग आपला ओठ आपला वाटत नाही, तसं माझं सगळं चाललं होतं. जेवत होते, बोलत होते, भांडतही होते.

झालं ते असं. तीन उन्हाळ्यांपूर्वी एका दुपारी मी चंद्रपूरहून कूलरचं गवत घेऊन येत होते. आमच्याकडे एप्रिल लागला की कूलर माळ्यावरून खाली येतो, त्याचं जुनं गवत काढून नवं भरतात, आणि मग माणसं माणसांसारखी बोलायला लागतात. त्या वर्षी मी आळस केला आणि मे उजाडला. घरी आमचे हे पंख्याखाली बसून करवादत होते. फोनवर फोन. 'मिळालं का गवत? किती वेळ?' जसं काही मी माहेरी पळून चालले होते! मांडीवर गवताचं गाठोडं, शेजारी घामानं निथळणाऱ्या तीन बाया, आणि ऑटोत डिझेलचा वास. कधी एकदा घर येतं असं झालं होतं.

घुग्घुसच्या रस्त्यावरून आमच्या गावाकडं वळायचं तिथं एक फाटा आहे. एक मोठा कडुनिंब, एक खानावळ, एक पंक्चरवाला आणि दारूचं दुकान. जिल्ह्यातली दारूबंदी उठली आणि ते दुकान फाट्यावर आलं. तेव्हापासून कोळशाच्या खाणीतली पहिली शिफ्ट सुटली की त्या कडुनिंबाखाली कोणी ना कोणी आडवा असायचाच. चेहऱ्यावर कोळशाची काजळी, एक चप्पल इकडं, एक तिकडं. सुरुवातीला आम्ही बघायचो, नाकाला पदर लावायचो. नंतर बघायचंही सोडलं. आमच्याकडे रस्त्यात पडलेला माणूस म्हणजे प्यालेलाच, असा हिशेबच झाला होता सगळ्यांचा. दुसरं काही असू शकतं हे डोक्यात यायला जागाच उरली नव्हती.

त्या दिवशीही एक पडला होता. पण सावलीत नव्हता. झाडाच्या अलीकडे, उन्हात. डोक्याला निळ्या चौकटीचा दुपट्टा. ऑटोवाल्यानं वेग कमी केला आणि मागं वळून विचारलं, "बाई, थांबू काय?"

त्यानं मलाच विचारलं, कारण तो माझ्या हाताखालून चौथी पास झालेला. बाई म्हणतील ते खरं, ही सवय त्याची मोडली नव्हती. आणि मी म्हटलं, "चल रे! भर दुपारी झोकून पडलाय मेला. तुला काय खांदा द्यायचाय?"

बाया हसल्या. तेवढ्यात त्या माणसानं हात वर केला. जमिनीपासून वीतभर उचलला असेल, मग कोपरातून थोडा आणखी वर. मी म्हटलं, "बघा, टाटा करून राह्यला." बाया आणखी हसल्या. ऑटोवाला पण हसला. आम्ही गावात आलो. मी कूलरचं गवत बदललं, पाणी भरलं, आणि आम्ही दोघं त्या थंड वाऱ्यात पाय पसरून झोपलो.

दोन दिवसांनी ह्यांनी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. अगदी छोटी बातमी. फाट्यावर कोळशाच्या ठेक्यातला एक कामगार ऊन लागून गेला. मूळचा गडचिरोलीकडचा. निळ्या चौकटीचा दुपट्टा, शर्टाच्या खिशात कांदा. "बिचाऱ्यानं कांदा ठेवला होता खिशात तरी ऊन लागलं," हे म्हणाले. आमच्याकडे उन्हात निघालेल्याच्या खिशात घरची बाई कांदा घालते. प्यायला निघालेल्या माणसाच्या खिशात कोण कांदा घालील?

मी तुरीची डाळ निवडत होते. निवडत राहिले. खडा सापडला, बाजूला टाकला. छातीत धस्स व्हायला हवं होतं, डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, निदान हात तरी थांबायला हवा होता. काहीच झालं नाही. डाळ निवडून झाली, धुतली, शिजायला लावली. संध्याकाळी ह्यांनी कूलर लावला तेव्हा मात्र मी उठून अंगणात जाऊन बसले. "गरम होत नाही का तुला?" त्यांनी आतून विचारलं. मी नाही म्हटलं. तेव्हापासून मी कूलरसमोर बसलेले नाही. याला पश्चात्ताप म्हणत असतील तर म्हणोत बापडे, मला तसं काही वाटत नव्हतं. मला नुसतं बसवत नव्हतं, एवढंच.

त्याच आठवड्यात मी दोन रांजण विकत आणले आणि त्याच कडुनिंबाखाली ठेवले. पाणपोई. लोकांना वाटलं, बाई निवृत्त झाल्या, आता पुण्य गाठीला बांधून राह्यल्या. मी कोणाला काही सांगितलं नाही. तो ऑटोवाला पुढं नागपूरला गेला. त्या तीन बायांना बातमी आणि तो माणूस यांचा मेळ लागला की नाही, देव जाणे. विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि त्या आपणहून काही बोलल्या नाहीत.

पाणपोई म्हणजे मडकं ठेवलं आणि झालं, असं शहरातल्या लोकांना वाटतं. त्या रस्त्यावर तासाभरात पाण्यावर कोळशाची साय धरते. म्हणून रांजणाच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं बांधायचं. रांजण वाळूत पुरायचे, भोवती गोणपाट गुंडाळायचं, ते दर दोन तासांनी भिजवायचं. रोज पहाटे रांजण रिकामे करायचे, काथ्यानं आतून घासायचे, बोअरिंगवरून पाणी आणून भरायचे. एकटीनं होत नाही. पंधरा दिवसांत माझी कंबर बोलायला लागली. मग गल्लीतल्या बाया एकेक करून आल्या. कोणी सोमवार घेतला, कोणी मंगळवार. पंक्चरवाल्याच्या घरच्या चाचींनी शुक्रवार मागून घेतला आणि सांगितलं, जुम्म्याला दुसऱ्या कोणीही रांजणाला हात लावायचा नाही. प्रत्येकीचा एक वार ठरला. ज्या बाया नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, त्या एकमेकींचे रांजण विचारायला लागल्या. हे मी घडवलं असं भाषणात म्हणतात. मी काही घडवलं नाही. मी नुसती ओरडत होते.

एक मात्र मी केलं. नियम घातला. कडुनिंबाखाली कोणी पडलेला दिसला तर आधी हात लावायचा. कपाळाला, मग काखेत. अंग भट्टीसारखं तापलंय आणि घाम नाही, तर तो दारूचा नाही, उन्हाचा. सावलीत ओढायचा, ओली फडकी अंगभर लावायची, शुद्धीत असला तर घोटघोट पाणी द्यायचं, ॲम्ब्युलन्सला फोन लावायचा. आणि हात लावल्याशिवाय तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आधी हात, मग तोंड. मी सगळ्यांना ओळीनं उभं करून पाढ्यासारखं म्हणायला लावलं. सोमवारवाली म्हणाली, "बाई, परक्या बाप्याले हात लावाचा? काऊन?" मी म्हटलं, "काऊन म्हणजे? मेल्यावर लावशील?"

चिमूरकडचा एक म्हातारा लग्नाहून परत जाताना तिथं कोसळला होता. लग्नातला म्हणजे प्यालेलाच, असं एरवी कोणीही म्हटलं असतं. मंगळवारवालीनं हात लावला, कोरडा ठणठणीत ताप. चार बायांनी लुगडी भिजवून त्याला गुंडाळला, ॲम्ब्युलन्समध्ये चढवला. आठ दिवसांनी तो मुलाला घेऊन परत आला आणि शेतातली लाखोरीची डाळ देऊन गेला. बाया रडल्या. मी पावशेर-पावशेर डाळ वाटली आणि घरी आले. मला बरं वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली. कडेवर कळशी, हाताला खानावळीतलं पीठ. म्हणाली, "बाई, माझाबी एक वार लावा."

"कुठं राहतेस?"

"इथीच, खानावळीमागं. भाकरी टाकतो मी तिथं. माहा मानूस इथीच गेला, मागच्या साली. पेपरात आलं होतं."

मी रांजणाचं फडकं बांधत होते. गाठ बसली नाही, सोडून पुन्हा बांधली. म्हटलं, "गुरुवार रिकामा आहे."

नवरा गेल्यावर माणसं गावी परत जातात. हिचं गाव वैनगंगेपलीकडं, दोन एकर धानाची बांधी, सासू. पण ही गेली नाही. गुरुवार तिचा होता, पण रोज पहाटे येऊन बसायची. रांजण घासू लागायची, गोणपाट भिजवायची. आणि दुपारी शिफ्ट सुटली की ओगराळ्यानं पाणी ओतता ओतता प्रत्येकाला विचारायची, "भाऊ, मागच्या साली इथी एक मानूस पडला होता. निया दुपट्टा. तुमी पाह्यलं होतं का? पानी मांगलं होतं का त्यानं?" लोक ओंजळीतलं पाणी पिऊन मान हलवायचे. नाही बाई. आमची दुसरी शिफ्ट होती. आम्ही गावाला गेलो होतो. एवढी माणसं त्या रस्त्यानं गेली होती त्या दुपारी, आणि एकानंही त्याला पाहिलं नव्हतं!

मला तिनं कधीच विचारलं नाही. मी शाळेची बाई, मी कशाला त्या फाट्यावर असेन! ती विचारायला लागली की मी उठून बोअरिंगवर जायची. रांजण काठोकाठ असले तरी जायची. असे दोन उन्हाळे गेले. मग तो सत्कार आला, ती शाल आली, आणि ती माझ्या पाया पडली.

घरी आल्यावर ह्यांनी शाल हातात घेऊन पाहिली. "चांगली आहे. थंडीत कामाला येईल," म्हणाले. मी भिंतीकडं तोंड करून पडले. रडू आलं नाही. एकच कळलं, की तिनं आणखी एकदा माझ्या पायाला हात लावला तर मी जागच्या जागी ओरडेन. निदान ओरडेन, असं वाटलं तरी. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती रांजण आडवा करून आत हात घालून घासत होती. अजून उजाडायचं होतं, पण चुलीवरच्या भातासारखी उकड तेव्हापासूनच. मी तिच्याजवळ वाळूवर बसले. गुडघा कटकन वाजला.

"तुझ्या नवऱ्याला मी पाहिलं होतं," मी म्हटलं.

काथ्या आत घासत राहिला.

"ऑटोत होते मी. ऑटोवाला थांबत होता. मीच थांबू दिलं नाही. मी म्हटलं, प्यालाय."

घासणं चालूच. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. रांजणात डोकं होतं तिचं.

"त्यानं हात वर केला होता," मी म्हटलं.

काथ्या थांबला. तिनं डोकं बाहेर काढलं. "कोनता?"

"काय?"

"कोनता हात वर केला होता, बाई?"

मला आठवावं लागलं नाही. "डावा."

"होय," ती म्हणाली. "डावाच. उजवा खांद्याच्या वर जाये नाई त्याचा. ट्रकच्या फळीचा मार लागला होता."

मग मी राहिलेलंही सांगितलं. टाटा करून राह्यला म्हटलं ते. बाया हसल्या ते. एकदा तोंड उघडलं की माझं अर्धं ठेवता येत नाही. ती माझ्याकडं बघत नव्हती. हातातल्या काथ्याचे धागे एकेक करून ओढत होती. मी वाट बघत होते, ही आता माझ्या तोंडात मारील. मारावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

"मले फोन आला होता," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"त्याच्या संगच्या मानसाचा. भाऊ फाट्यावर पडून राह्यला, येऊन घेऊन जा म्हने. मी घरी भाकर टाकत होती, तिकडं ठेक्याच्या झोपडीत. खानावळीचं काम मंग धरलं. मी म्हनलं, पडू द्या. उतरली का तोच येईन आपल्या पायानं." तिनं धागे वाळूत टाकले. "तीन महिने झाले होते सोडून त्याले. मार्कंड्याच्या देवापुढं शपथ घेतली होती. मले वाटलं, मोडली. मले राग आला व, बाई. मीच कांदा घातला होता त्याच्या खिशात सकाळी. दहा मिंटाचा रस्ता होता. मी तवा उतरवला नाई."

खानावळीत कोणीतरी शटर उघडलं.

"मग रोज सगळ्यांना काऊन विचारतेस? पाणी मागितलं का म्हणून?"

"कोनीतरी म्हनन, का मी पाजलं." तिचा आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा. "एका मानसानं तरी पाजलं असन. येवढी मानसं जातेत. तुमी पाजलं नाई?"

"नाही."

"मंग कोनीच नाई पाजलं," ती म्हणाली.

तिनं रांजण विसळला, उभा केला, चुंबळ उचलली आणि निघून गेली.

सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे. माझं काही हलकं झालं नाही. उलट तिच्याकडं जी एक आस उरली होती, ती पण मी तिच्या हातातून काढून घेतली होती. दोन वर्षं ती रस्त्यावरच्या माणसांत एक माणूस शोधत होती, आणि मी तिला सांगून टाकलं की तसा माणूसच नव्हता. आपलं पोट मोकळं करायला दुसऱ्याचं घर धुऊन नेणारी बाई मी! मला स्वतःची किळस यायला हवी होती. मी तिथंच बसून रांजण भरले.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. गुरुवार आला. गुरुवारी मी मुद्दाम उशिरा गेले, उजाडल्यावर. रांजण कोरडे होते. फडकं वाऱ्यानं सुटून खाली पडलं होतं. मी भरले. सोमवारवाली विचारत होती, "गुरुवारवाली कुठी गेली? गावाले गेली का?" मी म्हटलं, मला काय माहीत. "तुमी काही बोलल्या का तिले? तुमच्या तोंडाचा काही नेम नाई." पहिल्यांदा कोणीतरी बरोबर बोललं होतं. मी खाली पडलेलं फडकं झटकून बांधायला घेतलं.

ती गावी गेली नव्हती. खानावळीच्या मागच्या दारातून तिचा हात दिसायचा, भाकरी थापताना. समोर अवघ्या वीस पावलांवर. पण ती रस्ता ओलांडून यायची नाही. शिफ्टची माणसं पाणी प्यायची आणि आता त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. दुसरा गुरुवारही मीच भरला. मला वाटलं, संपलं हे. पाणपोई चालेल, शाली मिळतील, हिचा वार मीच भरत राहीन मरेपर्यंत. तेवढीच माझी लायकी.

त्या गुरुवारी दुपारी मी झाडाखाली बसले होते. पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती, मोटरसायकली धुरळा उडवत जात होत्या. डोळा लागला असावा. उघडून पाहिलं तर एक माणूस पडलेला. झाडाच्या अलीकडे, उन्हात. उताणा. अगदी तिथंच.

आधी हात लावायचा. नियम माझा. पाढ्यासारखा म्हणून घेतलेला. आणि माझे पाय उचलेनात. मी उठून उभी राहिले, ओगराळं हातात घेतलं, आणि तिथंच उभी. ओरडावं तर आवाज निघेना. सगळ्या गावाला तोंड देणारी मी! त्या माणसाची छाती हलते आहे का, एवढंच बघत होते, आणि तेही नीट दिसत नव्हतं. डोळ्यांत काहीतरी आलं होतं. मोटरसायकली दोन गेल्या, तीन गेल्या. कोणी थांबलं नाही.

समोरून ती धावत आली. अनवाणी, तापलेल्या डांबरावरून, कोपरापर्यंत पीठ. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. त्याच्याजवळ फतकल मारून बसली, कपाळाला हात लावला, काखेत हात घातला. मग तोंडाजवळ वाकली. वास घेतला. पुन्हा घेतला. त्याच्या गालावर एक चापट मारली, तसा तो "ए ऽऽ" करून कुशीवर वळला आणि तिला आईवरून शिवी घातली.

ती माझ्याकडं वळली. सगळा चेहरा पिठानं आणि घामानं माखला होता.

"बाई!" ती ओरडली. "प्यालाच हाय व! नुसता प्यालाच हाय!"

काय तो आवाज! घरात नातू झाल्याचं कोणी सांगावं तसा. ती हसत होती आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. मांडीवर हात आपटून रडत होती, आणि तरी म्हणत होती, प्यालाच हाय, प्यालाच हाय. माझे पाय सुटले. मी कशी गेले ते आठवत नाही. आम्ही दोघींनी त्याला काखेत धरून सावलीत ओढला. चांगलाच जड होता मुडदा. मी ओगराळ्यानं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, तसा तो आणखी चवताळला. डोळे मिटलेलेच, आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला.

मग त्यानं हात वर केला. आम्हाला हाकलायला असेल. मी तो धरला. घामानं ओला होता, गार होता, कोळशानं काळा होता. मी तो सोडला नाही. आणि मग मला जे रडू आलं, ते मला थांबवता आलं नाही, भर रस्त्यात, शिफ्टच्या सगळ्या माणसांसमोर. तो शिव्या देत होता. ती त्याच्या तोंडाला ओगराळं लावत होती.

"पी भाऊ, पी," ती म्हणत होती. "शिव्या मंग घाल. आधी पानी पी."